साबणाच्या पडद्यावरचा काळा पट्टा

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्हाला लिहायला बसलो की वही तपासायला दिल्यासारखं वाटतं. मी आठवी नापास. चुकलं तर सांभाळून घ्या.

भूकंपानंतर आमच्या गावची शाळा पत्र्याच्या शेडात भरायची. पोराला मी तिथंही एकटं सोडत नव्हतो. दारात बसून पत्रे हलतात का ते बघायचो. एकदा तुम्ही तारेचं कडं साबणाच्या पाण्यात बुडवून उभं धरलंत. "मालक, पत्रे काय बघायलात? इकडं बघा." कड्यात पातळ पडदा, त्यावरचे लाल-हिरवे पट्टे हळूहळू खाली सरकत आहेत. वरची कड काळी पडते. मी ओरडतो, "सर, भोक पडलं! फुटतंय!" पोरं हसतात. तुम्ही हसत नाही. "भोक न्हाई. पडदा हायच तिथं, लई पातळ झालाय. पुढून परतलेला उजेड अन् मागून परतलेला उजेड एकमेकाला मारतात, म्हणून काळं दिसतं. फुटंल तवा फुटंल. हाय तोवर बघा की." त्या दिवशी भूकंपानंतर पहिल्यांदा मी छपराखाली बसून जेवलो. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

गेल्या आठवड्यात नात लातूरहून फोनवर रडली. डॉक्टरकीच्या क्लासला ठेवलं होतं तिला. "आबा, मला न्या. घास उतरत न्हाई." गेलो, तर पोरगी निम्मी झालेली. तुमची आठवण आली, तारेचं कडं केलं. बोअरच्या पाण्यात फेसच येईना. प्यायच्या जारमधलं पाणी घेतलं, तेव्हा पडदा धरला. वर काळं पडलं तशी ती पुढं सरकली. "आबा, याची गणितं मी रोज करते. बघितलं मात्र आज." किती दिवसांनी हसली कोण जाणे. विचारलं, "राहतीस का येतीस?" म्हणाली, "येते." घेऊन आलो.

तुमच्या शेडातला तोच माझा पोरगा, तिचा बाप, आता मला म्हणतो, "दादा, साबणाचे फुगे दाखवून वर्ष घालवलं तुम्ही तिचं!" असेलही. रात्रंदिवस धाकधूक आहे. तुम्ही असता तर विचारायला आलो असतो. आता हा कागद कुठं टाकणार, अन् घरात तरी कुणाला दाखवणार? काल तिनं आपणहून दुसरी भाकर मागितली, सर. तेव्हा, खरं सांगतो, वर्ष गेल्याचं मला काहीच वाटलं नाही.