दलदलीवरून ओढलेलं घर

११ जानेवारी

हात वर केला. झालं!

सभा शाळेत होती. दलदलीचा मधला भाग आता राखीव. तिथले चर बुजवायचे, पाणी पुन्हा साठू द्यायचं आणि तिथलं शेवाळ कुणी काढायचं नाही. उन्हाळ्यात आमच्या विहिरी आटतात. टँकर आला की बादल्या घेऊन एकमेकींच्या अंगावर जातो — चिलोए बेटावर, जिथे वर्षभर पाऊस! ते शेवाळच पाणी धरून ठेवतं, हे मला पटलंय. म्हणून हात वर केला. एलिएसेरने ते बघितलं. माझा सख्खा भाऊ. त्याचं घर त्या मधल्या भागातलं शेवाळ काढून विकण्यावर चालतं.

राखीव क्षेत्राच्या कोन्स्तान्साबाई म्हणाल्या, "लोकसहभागाशिवाय आम्ही काहीच करणार नाही."

एलिएसेर उठला. "म्हणजे तुम्ही ठरवायचं आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या. हाच ना सहभाग?"

सगळे हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "उबेलिनाला जॅकेट मिळालं. छान आहे. ऊबदार दिसतंय." तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

बाईंनी दिलेलं राखीव क्षेत्राचं जॅकेट खरंच ऊबदार आहे. घरी येऊन खुंटीला लावलं आणि रडत बसले.

१४ जानेवारी

बाई स्वतः त्याच्याकडे जाऊन आल्या. चर बुजवायचं काम घे म्हणाल्या, नाहीतर पाहुण्यांना दलदल दाखव.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, शेवाळ नुसतं बघून पोट भरत असतं तर मी केव्हाच ढेरपोट्या झालो असतो."

मला हसू आलं. त्याचं बोलणं असंच. लहानपणी मार खातानाही आईला हसवायचा. बाईंना वाटलं मी त्यांना हसले.

२० जानेवारी

चर बुजवले की पाणी माझ्या अंगणात येणार. घर अगदी काठावर. म्हणजे घर हलवायला हवं — आख्खंच्या आख्खं, बैलांनी ओढून, वर टेकडीवर. इकडे घरं अशीच हलतात, त्यात काही नवल नाही. पण हे आईबाबांचं घर. मागच्या खोलीत मी जन्मले, एलिएसेरही तिथेच.

बाईंनी उत्साहाने शाळेच्या दारावर मिंग्याची, म्हणजे सगळ्या गावाने मिळून घर ओढण्याची, सूचना लावली, सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप टाकला. शेजारचे प्रोस्पेरोकाका सूचना वाचून म्हणाले, "सर्कस येतेय का गावात?"

अहो, मिंग्याला असं बोलावतात होय! दारात जायचं, चुलीपाशी बसायचं, दिलेला माते चहा प्यायचा आणि मग तोंडाने विनवायचं. समोरासमोर विनवलं की कुणी नाही म्हणत नाही. न विनवता कुणी येत नाही, आणि आलं तर ते त्याला कमीपणाचं. बाई वरमल्या. मग माझ्याबरोबर दारोदार फिरल्या. प्रत्येक घरी माते! शेवटी शेवटी कपाकडे बघूनच त्यांचा चेहरा उतरायचा. वाईट नाहीत त्या.

२८ जानेवारी

आज एलिएसेरकडे गेले. एकटी.

एदितावहिनीने दार उघडलं. आतून त्याचा आवाज, "सांग, घरी नाही." मला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्याने!

वहिनी बिचारी कानकोंडी झाली. "बस ना, माते घे." बसले. पडद्यापलीकडे तो खोकत होता. ओल्या हवेत त्याची छाती भरते, त्याला मध लागतो. आता पडद्याशी काय बोलू? पडद्याला विनवलं तर ती विनवणी नव्हे. कप रिकामा केला आणि उठले.

वहिनी फाटकापर्यंत आली. काहीतरी सांगायचं होतं तिला. पण म्हणाली, "बटाटे घेऊन जा." आणले. पिशवी अजून सोडलेली नाही.

२ फेब्रुवारी

पाऊस. कुणाशीही बोलले नाही.

७ फेब्रुवारी

मिंगा झाला. हात दुखतायत, तरी लिहिते.

सकाळी सगळे आले. बायका चुलीवर, पुरुष पहारी घेऊन घराखाली. ओंडके सरकवले, दोर बांधले, बैल जुंपले. "हो राजा! ओढ!" — आणि आमचं घर चालू लागलं. खिडक्या थरथरत होत्या. मला वाटलं, आई आत असती तर ओरडली असती, अरे माझी कपाटं!

काठावरच्या मऊ जमिनीत पुढचा ओंडका रुतला. दोर तुटला. घर एका अंगाला कललं. प्रोस्पेरोकाका म्हणाले, "या बैलांचं काम नाही हे. मोरो आणि क्लावेल पाहिजेत." मोरो-क्लावेल म्हणजे एलिएसेरची जोडी. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चिखलाकडे बघितलं.

आणि तो आला! खालच्या वाटेने, बैल पुढे, पाय गुडघ्यापर्यंत भिजलेले. कुणाला नमस्कार नाही, काही नाही. सरळ पुढे जाऊन जोडी जुंपली, क्लावेलच्या कानात काहीतरी पुटपुटला. घर एकदा कण्हलं आणि निघालं. पार टेकडीपर्यंत! बायका टाळ्या वाजवत होत्या. मी तोंडावर ॲप्रन धरला.

रस्सा, बटाट्याचे मिल्काओ, सफरचंदाची दारू — सगळे जेवायला बसले. मी त्याच्यासाठी ताट वाढून नेलं. त्याने घेतलं नाही.

"माझ्या कोठाराचं छप्पर उडालं तेव्हा तू आली होतीस," तो म्हणाला. "तो दिवस परत केला. फिटलं."

आणि बैल घेऊन गेला. ताट माझ्या हातातच.

८ फेब्रुवारी

फिटलं!

दिवसाला दिवस सगळेच परत करतात. पण तोंडाने तसं कुणी म्हणत नाही. थोडं बाकी ठेवायचं असतं, म्हणजे येणंजाणं राहतं. हे त्याला माहीत नाही? त्यानेच मला शिकवलं. म्हणजे तो माझं घर वाचवायला नाही, मला तोडायला आला होता. सगळ्या गावासमोर.

नको होतं मला घर. रुतलं असतं तिथेच तर बरं झालं असतं.

१२ फेब्रुवारी

चर बुजवले. बाईंनी फोटो काढले, मला पुढे उभं केलं. जुन्या जागेवर पाणी चढलंय. जिथे आमची चूल होती तिथे आता टिटव्या उतरतात. बाई म्हणाल्या, "बघा उबेलिना, किती लवकर!" हो, सुंदर आहे. खोटं कशाला बोलू? पण माझ्याच्याने बघवत नाही.

नव्या जागेवरून खिडकीत रस्ता दिसतो. दिवसभर रस्त्याकडे बघते. तो येत नाही.

१७ फेब्रुवारी

एदितावहिनी आली होती. एलिएसेर रविवारी दक्षिणेला गेला, पुंता अरेनासला, मेंढ्यांच्या कामावर. कधी येणार, सांगितलेलं नाही.

मोरो आणि क्लावेल मिंग्याच्या आधीच विकले होते, नदीपलीकडच्या माणसाला. मिंग्याच्या सकाळी एलिएसेर त्या माणसाच्या दारात जाऊन उभा राहिला, टोपी हातात घेऊन. जन्मात कुणापुढे न वाकलेला माझा भाऊ! म्हणाला, "एक दिवस द्या. माझ्या बहिणीचं घर आहे."

मी तर त्याला विनवलंही नव्हतं.