आवडीने वाचते

आई, आज तुझा राग आला आहे आणि तो कुणाकडे नेऊन ठेवावा ते कळत नाही, म्हणून लिहिते. तू न पाहिलेली तुझी नात आठ वर्षांची झाली, तिसरीत आहे. बोलायला तुझ्यासारखी, पाढे तोंडपाठ. पण वाचायला बसली की अडते. जोडाक्षर आले की थांबते आणि पहिल्या अक्षरावरून भलताच शब्द ठोकून देते. हा आळस नाही. मी दोन आठवडे तिच्याकडून रोज दहा नव्या ओळी वाचून घेतल्या, कुठे अडली, किती सेकंद लागले, ते लिहून ठेवले. मी अकोल्यात वीजमीटर तपासण्याचे काम करते. तपासल्याशिवाय बोलायची सवय नाही.

तो कागद घेऊन जुलैमध्ये शाळेत गेले. तिची अध्ययन अक्षमतेची तपासणी व्हावी, त्यासाठी शाळेने पत्र द्यावे, एवढीच मागणी. पत्राशिवाय अमरावतीचे केंद्र मूल तपासत नाही. मुख्याध्यापिकांनी नोंदवही उघडून माझ्यापुढे सरकवली. मराठीच्या रकान्यात पहिली आणि दुसरी, दोन्ही वर्षे एकच वाक्य: आवडीने वाचते. "मॅडम, पोरगी हाय ते, मीटर नाई," त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या बाई हसल्या. मग मी लेखी अर्ज दिला, तर दुसऱ्या वेळी तो त्यांच्याकडे सापडेना. तिसऱ्या वेळी वर्गशिक्षिकेने मला व्हरांड्यात गाठले. तिशीही न गाठलेली, चांगली मुलगी आहे. हळूच म्हणाली, "ताई, लेकराचं वाईट कावून लिहू? तुमालेच वाईट वाटलं असतं."

ते बोलणे माझ्या ओळखीचे होते. अंजनगावचे आपले स्वयंपाकघर. मी दहावीत आहे. तू तुरीच्या शेंगा सोलते आहेस आणि तुझ्या वर्गाची नोंदवही माझ्या पुढ्यात आहे, माझे अक्षर चांगले म्हणून. तू नाव सांगतेस, मग वाक्य सांगतेस, मी लिहिते. एका मुलीच्या नावापाशी मी थांबते. ती सुट्टीत तुझ्यापाशी येऊन बसायची. स्वतःच्या नावापलीकडे तिला काही वाचता येत नव्हते, हे मला माहीत होते. तसे मी म्हटले. तू मान वर केली नाहीस. "तुले काय करायचं हाय? लिही. कोनी वाचून दाखवलं तं तिच्या मायले बरं वाटलं पायजे." मी लिहिले: आवडीने वाचते. सातवीनंतर ती शाळेत दिसली नाही. तिला कुणी कुठे पाठवले नाही, कारण वहीत तिला काही झालेलेच नव्हते. अंजनगावला गेले की बाजारात आजही लोक मला थांबवून सांगतात, तुझी माय लेकरांवर कधी ओरडली नाही. मी मान हलवते आणि पुढे जाते.

पत्र दिवाळीनंतर मिळाले. केंद्रात पालकांना बाहेर बसवतात, पण ही माझा हात सोडेना, म्हणून तपासणाऱ्या बाईंनी मला त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसू दिले. एक शब्द बोलायचा नाही, या अटीवर. गेल्या आठवड्यात अहवाल आला. वाचन वयाच्या मानाने किंचित मागे, सध्या विशेष साहाय्याची गरज नाही, वर्षाने पुन्हा आणावे. म्हणजे आणखी एक वर्ष ती वर्गात उभी राहून अंदाजाने वाचणार आणि मुले हसणार. मी केंद्राविरुद्ध तक्रार लिहून काढली. मुद्देसूद, चार पाने. तपासणी घाईत उरकली, असे तिच्यात आहे. मुख्याध्यापिकांनाही मी तेच सांगितले.

तू कुठे जाऊन सांगणार नाहीस, म्हणून तुला सांगते. घाई कुणी केली नव्हती. ती अडली की बाईंच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहायची, आणि मी ओठ हलवून शब्द दाखवत होते. सहा वेळा. बोलले एकदाही नाही.