पत्रक लिहिणारीला

प्रिय ठमाबाई,

आधी हे ऐक, मी ठणठणीत आहे. आता रागावू नकोस. गेल्या महिन्यात माझ्या छातीतली एक गाठ काढली. वाटाण्याएवढी होती, वेळेत सापडली, आता फक्त गोळ्या घ्यायच्या. कळवलं असतं तर तू सगळं टाकून धावत आली असतीस आणि मलाच तुझी समजूत काढत बसावं लागलं असतं.

तुझ्या आरोग्य खात्याचं ते तपासणीचं पत्रक आमच्याच छापखान्यात आलं होतं, आठवतं ना? तीनदा प्रूफ वाचलं मी. चाळिशीनंतर नियमित तपासणी करा, या ओळीतला सुटलेला काना पकडला आणि दिवसभर मिरवले. पण अगं, प्रूफ वाचणारी बाई अक्षरं बघते, मजकूर नाही. चाळीस वर्षांची खोड! ती ओळ माझ्यासाठीही आहे हे डोक्यात शिरलंच नाही. शिवाय वर तो काळाकुट्ट भीतिदायक फोटो. आमच्या बायकांनी पत्रक पालथं घालून त्यावर चहाचे कप ठेवले.

मला तपासणीला नेलं ते आमच्याकडच्या पुस्तकं बांधणाऱ्या ताईंनी. त्यांना एकटीने जायची धास्ती वाटत होती, म्हणून सोबत चल म्हणाल्या. मी आपली धीर द्यायला गेले. तिथली नर्स म्हणाली, आलाच आहात तर तुमचीही करून टाकू, कितीसा वेळ लागतो! नाही म्हणायला कारणच सुचेना. ताईंचं काही निघालं नाही, माझं निघालं. आता त्या रोज डबा आणतात आणि अपराधी चेहरा करून बसतात, जशी काही गाठ त्यांनीच आणून ठेवली! तेव्हा तो फोटो काढ बाई, आणि मैत्रिणीला घेऊन या असं लिही. आमचं अख्खं बांधणी खातं जाऊन आलंय.

परवा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मुलगी आहे का, वय काय. मी फुशारकीने सांगितलं, एक्केचाळीस, आणि तुमच्या भिंतीवरचं पत्रक तिनेच लिहिलंय. त्या म्हणाल्या, हो का, मग तिची स्वतःची तपासणी कधी झाली? स्वतःच्या गाठीला मी एवढी घाबरले नव्हते गं. हे सगळं पत्र त्यासाठीच लिहिलंय. फोन करू नकोस, फोनवर तू मला गुंडाळतेस. आधी तपासून घे आणि रिपोर्ट घेऊनच घरी ये.

वाट बघणारी, तुझीच
आई