तळहाताला दोन वेढे

आबा, "मासे धरायला तुम्हाला कोणी शिकवलं?" असं गेल्या महिन्यात कोकणातल्या एका नाववाल्याने मला विचारलं, आणि मला याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही शिकवलं म्हणावं, तर तापीच्या काठावरचा तो दिवस आठवतो. मी नऊ वर्षांची आहे. बिडी पेटवायला तुम्ही गळ खडकावर ठेवता, मी त्याची दोरी, तंगूस, उचलते आणि मनगटावर तुमची चापट बसते. "ठेव खाले! बाईमाणूसना हात लागना का मासा रुसस." दादा पाच हातांवर चिंचा खात बसलाय. त्याला तुम्ही कान धरून शिकवत होतात, ज्याला शिकायचंच नव्हतं. आणि घरी आल्यावर तेच मासे खवले काढायला माझ्यापुढे टाकलेत. तेव्हा मासा रुसत नव्हता का, आबा?

मग मी भांडी घासायच्या निमित्ताने काठावर बसायचे आणि तुम्हाला पाठमोरं बघायचे. तळहाताला तंगुसाचे दोन वेढे, अंगठा मोकळा. मोठा मासा लागला की तुम्ही ओढत नव्हतात, हात लांबवून त्याच्यामागे गुडघाभर पाण्यात जायचात. मी सातवीत असताना तुम्ही गेलात. मी रडले ती आईकडे बघून. पुढे घरातली पहिली पदवी मी घेतली, तीही मत्स्यशास्त्राची. गावात म्हणतात, पोरीने बापाची आठवण राखली. मी ती तुमच्या नाकावर टिच्चून घेतली.

नोकरीच्या प्रशिक्षणात आम्हाला बोटीवर नेलं. बांगड्याचा तुकडा लावलेला गळ खोल सोडला होता. जाड तंगूस हातात आलं आणि कसलाही विचार न करता मी तळहाताला दोन वेढे घेतले. मासा लागला तो ओढत नव्हता, पळत होता. तंगूस मांसात रुतलं. नाववाला ओरडला, "ओ ताई, हात सोडवा आधी! नदीतला मासा वाटला काय? बोटं नेईल!" वेढे सुटेनात. तेव्हा मी काय केलं सांगू? कठड्यावर पोट टेकून हात लांबवला, माशामागे गेले, तुम्ही जायचात तशी. क्षणभर तंगूस सैल पडलं, तेवढ्यात वेढे काढले. नंतर अर्धा तास तो पळायचा, मी सोडायचे, तो दमला की ओढायचे. मोडुसा होता, माझ्या कमरेएवढा लांब, काळपट पाठीचा. बोटीत घेतल्यावरही फळ्यांवर असा आपटत राहिला की सगळे पाय वर घेऊन बसले. मी एकटीच त्याच्याजवळ उभी होते, हातातून रक्त गळत. कोणी रुसलं नव्हतं. नाववाल्याने तो प्रश्न तेव्हाच विचारला.

परवा घरी आले. माळ्यावरून तुमचं तंगूस गुंडाळायचं सागाचं लाकूड काढलं. जुनं तंगूस कापून चुलीत टाकलं, नवं चढवलं, दादाच्या मुलीसाठी. दादा म्हणाला, "आबानी चीज शे ती. पोरले काय देस?" मी म्हटलं, "इतली वरीस तू तरी हात लावा का?" तो हसला आणि आत गेला. मग तिला घेऊन तुमच्याच खडकावर गेले. तिच्या तळहाताला वेढे घेऊ दिले नाहीत. तंगूस नुसतं बोटांवर धरायला लावलं आणि मासा ओढेल तेव्हा हात कसा लांबवायचा ते दाखवलं. तिने माझ्या हातावरचा वण बघितला.

"फुई, तुले कोनी शिकाडं?"

"कोनीच नही," मी म्हटलं.

खोटं बोलले, आबा. लाकूड आता तिचं आहे. आणि तिने पुन्हा विचारलं तरी मी हेच सांगेन.