तुमचा लाडका हरला

सर, तुमचा लाडका विद्यार्थी काल हरला, आणि हरवलं मी. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली, यावरून माझी किती कीव करायची ते तुम्हीच ठरवा. माणसांची लायकी ठरवण्यात तुम्ही पटाईत होतात.

दर रविवारी मी निर्मळहून सायकल मारत वसईला तुमच्या घरी बुद्धिबळ शिकायला यायचे. तुम्ही मला कायम काळी मोहरी द्यायचात, कारण त्याला पांढऱ्याचा सराव हवा असायचा. डाव संपला की तुम्ही दोघं चाली तपासायला बसायचात आणि मला म्हणायचात, "तू जरा चहा टाक गं." मी आत स्टोव्हपाशी उभी आहे, आणि बाहेर तुम्ही त्याला माझ्या चुका समजावताय. एकदा मी तिथूनच म्हटलं, "सर, पण तेव्हा घोडा मागे घेतला असता तर?" तुम्ही म्हणालात, "वाडीतल्या मुलीला केळी मोजता आली म्हणजे झालं." तो खो खो हसला. तुमच्या विनोदाला हसणारा तेवढा एकच होता, म्हणून तो हुशार.

कालची स्पर्धा तुमच्याच स्मरणार्थ होती. तो आता क्लास चालवतो, रेटिंग माझ्यापेक्षा चारशेने जास्त. खुर्ची ओढत म्हणाला, "अगं, तू अजून खेळतेस?" काळी मोहरी पुन्हा माझ्याच वाट्याला. डाव रंगात आल्यावर त्याने तुमच्यासारख्याच थाटात माझ्या राजापुढे उंटाचा बळी दिला. इतका पोकळ हल्ला, की तुम्हा दोघांची मलाच लाज वाटली. मी उंट खाल्ला, राजा कोपऱ्यात सरकवला, आणि त्याच्याकडे पुढची चालच नव्हती. मग माझं एक प्यादं चालत राहिलं. वजीर व्हायला एक घर उरलं तेव्हा त्याने डाव सोडत घड्याळ थांबवलं. हात मिळवला नाही. "सकाळपासून डोकं दुखतंय," एवढंच म्हणाला. इतकी वर्षं गुरू म्हणून मिरवलात, आणि शिकवलंत ते हे.

हे पत्र तुमच्या घरी जाऊन काकूंच्या हातात द्यायचं ठरवलं होतं. काल त्या पहिल्या रांगेत होत्या, निकाल कळल्यावर त्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. पण देणार नाही. एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. बाराव्या चालीला घाबरून मीच बरोबरी मागितली होती. तो हसून नको म्हणाला, म्हणून मला पुढे खेळावं लागलं.