ॲरोनची घंटा

१२ जानेवारी २००४

ॲरोनचं पार्सल आलं एकदाचं! त्याच्या अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्राची सीडी. तिकडच्याच कुणा आजच्या संगीतकाराच्या तीन रचना. पहिल्या दोन ऐकल्या – माळ्यावरून भांडी कोसळावीत तशा. आणि आमचा मुलगा कुठे? तिसरीत, घंटेवर! जन्मभर चर्चमध्ये पोरांना व्हायोलिन शिकवलं, त्यालाही शिकवलं, आणि हा घंटा बडवतो. डोकंच फिरलं.

त्याची आई, फ्रान्सिस्का, मात्र अंथरुणातून म्हणाली, "बरां झालां. व्हायोलिनांच्या गर्दीत माका तो गावलो नसतो."

खरंच. घंटा त्याची एकट्याची.

१३ जानेवारी

आज आवाज मोठा करून लावली. एक ठोका, लांब थांबा, पुन्हा ठोका. अर्धी वाडी दारात! वाडीतलं माणूस गेलं की अंगणापलीकडच्या कपेलात, छोट्या चर्चमध्ये, अशीच घंटा देतात. शेजारची विमला पिठाच्या हातानं धावत आली – "मास्तरांनू, फ्रान्सिस्काबाय गेली?"

"जिती आसय गो!" आतून ओरडली. किती दिवसांनी हसली! मग खोकला. रुमालावर रक्त.

१९ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, आता मागेल ते द्या. मागते काय – तिसरी रचना. सकाळ-संध्याकाळ तेच.

ॲरोनला फोन केला. रजा नाही, मार्चमध्ये बघतो म्हणाला. मार्च! रागानं फोन आपटला. तिला सांगितलं, येतोय.

२६ जानेवारी

वाडीला घंटेची सवय झाली. आता कुणी धावत येत नाही. सुटलो.

२ फेब्रुवारी

दिवसभर लाइट नाही. "ॲरोन खंय गेलो?" सारखं विचारत होती. शेवटी पितळी तांब्यावर चमचा वाजवून दाखवला.

"तो न्हय ओ," म्हणाली.

स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

४ फेब्रुवारी

दुपारी फ्रान्सिस्का गेली. कपेलाची दोरी मीच ओढली – हात भरून येईपर्यंत. घरी येऊन दार सताड उघडं ठेवलं, तिच्याजवळ बसलो. कुणी येईना.

मग कुंपणापलीकडून विमलाची हाक आली –

"मास्तरांनू, आज खूप मोठ्यान लावलात ती घंटा! वायच कमी करा!"