सत्तेचाळीसमागची शेळी

प्रिय रेणू,

शनिवारी तुझं पार्सल आलं. काळा टी-शर्ट एक, चिकटवायची चित्रं चार, जाड कागदाचं प्रशस्तिपत्र एक, पत्र एक. टपालखर्च हॅकेथॉनवाल्यांचा. आपल्याला वडवणीच्या पोस्टात जाऊन यायला रिक्षाचे चाळीस रुपये पडले. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, "किरण कोण तुमचा?" मी म्हणाले, मुलगा. पार्सल त्याच्याच नावानं होतं. प्रशस्तिपत्रही त्याच्याच. घरी आल्यावर सगळं उलटून-पालटून पाहिलं, टी-शर्टची कॉलरसुद्धा. तुझं नाव कुठंच नाही.

म्हणून लिहायला बसले. तू जाऊन पाच महिने झाले, पण एक ओळ लिहिली नव्हती. रडणाऱ्या माणसाला कागद लागत नाही. पण आता राग आलाय, आणि तो तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आठवतं का, हॅकेथॉन म्हणजे काय ते तू मला कसं समजावलंस? मी भाकरी थापत होते. "आई, जत्रेत कुस्त्यांचा फड लागतो ना, तसंच. फक्त ज्यानं त्यानं आपापल्या घरी बसून इंटरनेटवरून. तीन दिवसांत एक काम पुरं करून दाखवायचं."

"आणि जिंकलं तर?"

"टी-शर्ट."

"एवढंच? मग कशाला डोळे फोडून घेतीस?"

"अगं, ही सॉफ्टवेअरं सगळ्यांची असत्यात. कुणीही वापरावी, कुणीही सुधारावी. पैसा न्हाई. पण ज्यानं काम केलं त्याचं नाव तिथं कायम राहतंय."

मी म्हणाले, म्हणजे आपल्या सप्ताहातल्या पंगतीसारखं. जेवण सगळ्या गावाला, आणि माईकवरून नाव पुकारायचं अन्नदात्याचं. तू टाळी वाजवलीस. "बरोब्बर! आणि म्हणतीस, मला काय कळतंय!"

कळलं होतं गं. नाव कायम राहणार एवढं नीट कळलं होतं, म्हणून तर म्हणाले, तुझं नको.

परळीचे पाहुणे तुला बघून गेले होते. त्यांचा निरोप यायचा होता. पोरीचं नाव सगळ्या जगाला दिसणार, कोण कुठले लोक तिच्याशी लिहिणं-बोलणं करणार! "किरणचं टाक. घरातलंच तर आहे." भांडली का नाहीस? तुझ्यात तेवढी धमक होती. नुसतं "बरं" म्हणालीस आणि भावाच्या नावानं खातं उघडलंस.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बावीस वर्षं सप्ताहाच्या पोळ्या मी लाटल्या आणि माईकवरून नाव तुझ्या अण्णांचं पुकारलं गेलं. दरवर्षी मी चुलीजवळून हात जोडले. मला वाटायचं, नाव असंच असतं.

तुझ्या त्या कामात माझा हात लागला, तो केवढा आनंदाचा दिवस! आंधळ्या माणसांना फोनवरचं मराठी वाचून दाखवणारा प्रोग्राम, आणि एकोणसाठ दिसलं की म्हणायचा, "पन्नास नऊ." मी पोट धरून हसले. "कुण्या गाढवानं शिकवलं ह्याला?"

"कुणीच न्हाई शिकवलं. तू शिकव."

मग ज्वारीच्या कोठीच्या खोलीत, बाहेरचा आवाज नको म्हणून डोक्यावर गोधडी घेऊन, मी एक ते शंभर म्हणाले. घामानं निथळत होते. सत्तेचाळीसला शेजारच्या शेळीनं मध्येच तोंड घातलं. मी म्हटलं, पुन्हा म्हणते. तू म्हणालीस, "राहू दे, हे गावाकडचं सत्तेचाळीस हाय."

आणि काम पाठवताना खाली लिहिलंस, आवाज सुमनबाईंचा. मी ओरडलेच, "माझं नाव कशाला?"

"तुझं लगीन झालंय की! तुझ्या नावाला कुणाची हरकत?"

मी ते हसण्यावारी नेलं. तू मात्र हसत नव्हतीस, रेणू. हे मला आता दिसतंय.

पुढं दहा दिवसांनी ताप. दोन दिवस म्हणत राहिलीस, नुसता ताप हाय, बीडला कशाला, उगी खर्च. ही माझीच शिकवण ना? तिसऱ्या दिवशी नेलं तेव्हा डेंग्यू फार पुढं गेला होता. परळीकरांनी महिन्याच्या आत दुसरीकडे सुपारी फोडली. ह्यांच्यासाठी मी तुझं नाव झाकलं होतं!

रविवारी किरण पुण्याहून आला. टी-शर्ट अंगात घातला, नेमका बसला. मग सांगतो, एका कंपनीत हेच काम आपलं म्हणून दाखवलंय, सोमवारी शेवटची मुलाखत आहे.

मी म्हणाले, "हे काम तुझं न्हाई."

"मला ठाव हाय, आई. पण ती गेली. आता नाव कुणाचं का असंना, तिला काय फरक पडतोय?"

"मग तुला कावून पाहिजे?"

मग हळूच म्हणाला, "माझं नाव टाक असं मी म्हणलो होतो का? तूच म्हणलीस."

खरं बोलला. इतकं खरं की पदर तोंडाला लावावा लागला. म्हटलं, चूक माझी. आता तू दुरुस्त कर. खातं उघड आणि तिचं नाव घाल.

त्याला पासवर्ड माहीत नव्हता! ज्याच्या नावाचं खातं, त्यालाच आत जाता येईना. स्वतःची जन्मतारीख घालून पाहिली, देवीचं नाव घालून पाहिलं. मग मला विचारतो, "रेणूची तारीख काय गं?" सख्खा भाऊ! मी सांगितली. तरी उघडलं नाही.

"नोकरी लागू दे, मग हॅकेथॉनवाल्यांना लिहितो," म्हणाला, आणि तोच टी-शर्ट घालून गेला. लागल्यावर कोण लिहितं, रेणू? मुलाखत झाली, आठ दिवसांत कळवतो म्हणालेत कंपनीवाले.

काल शेजारच्या मास्तरांकडून तुझं काम फोनवर उघडून घेतलं. पूर्ण ऐकलं. एकोणसाठ आता एकोणसाठच म्हणतोय. माझा आवाज आहे. सत्तेचाळीसमागं शेळीचा आहे. शेळीसुद्धा आहे तिथं! तूच नाहीस.

आणि पार्सलमधलं पत्र कुणाला असेल? मला! शंभराच्या पुढचे आकडेही याच आवाजात हवेत, सुमनबाईंनी कृपा करून म्हणून पाठवावेत. पाठवायचा नंबरही दिलाय.

तर आता ऐक, शब्द देते. गुरुवारी पूजा आटोपली की कोठीच्या खोलीत जाईन. गोधडी घेणार नाही, शेजारीपाजारी ऐकू देत. एकशे एक म्हणायच्या आधी पंगत पुकारतात तसं मोठ्यानं सांगेन, हे सगळं काम माझ्या मुलीनं, रेणुकानं केलं. किरणनं नाही. त्याचं नाव मी टाकायला लावलं. तिचं नाव घाला, मग पुढचा आकडा देते.

किरणची नोकरी जाईल कदाचित. वर्षभर माझं तोंड बघणार नाही तो. त्याचीही मी आईच आहे, रेणू. आज देवीपुढं बसून विचारलं, काय करू? तुला नाव तिचंच ठेवलंय. ते झाकताना तरी मी तिला कुठं विचारलं होतं?

पण ते लोक म्हणतील, बाई, पुरावा काय? खातं उघडून दाखवा. तेव्हा मी काय करू? रागावली असशील तर खुशाल राहा रागावलेली, तेवढा हक्क आहे तुझा. फक्त पासवर्ड काय ठेवला होतास, ते उलट टपाली कळव.

तुझी,
आई